जोडावयाची मोटार

पुण्यात दिवाळीच्या सुट्टीत मुले जो किल्ला उभा करतात, त्याच्या पायथ्याशी बहुधा एक मोटार असते. किल्ला शिवछत्रपतींचा, सिंहासन मातीचे, मावळे कुंभारवाड्यातून आणलेले, विटांच्या गुहेत वाघ बसलेला, उतारावर अळिवाचे किंवा मोहरीचे कोवळे हिरवे कोंब. आणि खाली, रांगोळीने आखलेल्या रस्त्यावर, एक तांबडी शर्यतीची मोटार. सतराव्या शतकात मोटार कोठून आली, असे पाहुणे मंडळी दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी हसतात. मुलांस त्यात काहीच वावगे वाटत नाही. आपल्याजवळ जी चांगली वस्तू आहे ती महाराजांच्या राज्यात असलीच पाहिजे, एवढाच त्यांचा विचार असतो. वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती आल्या, तरी आवारातल्या किल्ल्याने आणि त्या मोटारीने आपली जागा सोडलेली नाही.

किल्ला मुले स्वतः रचतात. विटा, दगड, गोणपाट आणि चिखल ही त्याची सामग्री जवळपास कोठेही मिळते. मोटार मात्र विकत आणावी लागते किंवा कोणी तरी भेट म्हणून देते. एका वस्तूत श्रम मुलाचे, दुसरीत कारखान्याचे. ह्या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रकार गेल्या सव्वाशे वर्षांत जगभर रूढ झाला. कारखान्याने सुटे भाग करावयाचे, ते पेटीत घालून विकावयाचे, आणि वस्तू घेणाऱ्याने ती घरी जोडावयाची. अशा पेट्यांपैकी शर्यतीच्या मोटारींच्या जुन्या पेट्यांस आज फार मान आहे. कोणी हौशी माणूस अशी पन्नास वर्षांपूर्वीची पेटी शोधून काढतो, महिनोन् महिने बसून ती जोडतो, रंगवितो, आणि आपल्या वडिलांस किंवा भावास भेट देतो. ह्या भेटीत देणाऱ्याने नेमके काय दिले, हे कळण्यास पेटीचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती करून ती मुलास देण्याची चाल पुण्यास नवी नाही. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे ह्यांनी बांधलेल्या तुळशीबागेतील राममंदिराभोवती जो बाजार वाढला, तो पिढ्यान् पिढ्या भातुकलीसाठी प्रसिद्ध आहे. जाते, उखळ, पाटा-वरवंटा, शेगडी, परात, तांब्याचा बंब, सारे काही बोटाएवढे. परंतु जात्याचा खुंटा फिरावयाचा आणि बंबाच्या तोटीतून पाणी यावयाचे. भातुकली एकदम पुरी कोणी देत नसे. ह्या सणास आजीकडून पोळपाट-लाटणे, पुढच्या सणास मावशीकडून कळशी, अशी ती वाढत जाई. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कारागिरांनी केलेल्या मातीच्या रंगीत बाहुल्याही अशाच हुबेहूब असत. तबकातील जिन्नस आणि पागोट्याचा पीळ ह्यांवरून माणसाचा धंदा व जात ओळखता यावी, इतकी त्यांची बारकाई होती. त्या बाहुल्यांपैकी काही लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयापर्यंत पोहोचल्या. मात्र ह्या सर्व वस्तू मुलाच्या हाती पडत त्या पुऱ्या झालेल्या. मडके घडविणे कुंभाराचे काम आणि तांब्या ठोकणे तांबट आळीचे, अशी श्रमांची वाटणी समाजानेच करून ठेवली होती. खेळण्याने ती मोडावी असे कोणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते.

ती वाटणी खेळण्यापुरती मोडली ती दूर इंग्लंडातील लिव्हरपूल ह्या बंदरात. फ्रँक हॉर्नबी हा तेथील मांसाच्या एका आयातदाराकडे हिशेबनीस होता. तो १८६३ मध्ये जन्मला. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यास मिळाले नव्हते. आपल्या दोन मुलांसाठी तो घरी पूल, याऱ्या, गाड्या असली खेळणी करी. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी प्रत्येक भाग नव्याने कापावा लागे, आणि खेळणे जुने झाले की तो भाग फुकट जाई. नाताळाच्या आदल्या दिवशी आगगाडीतून जात असता त्यास युक्ती सुचली, असे त्याने पुढे सांगितले आहे. सर्व पट्ट्या अर्धा इंच रुंदीच्या करावयाच्या, त्यांस अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडावयाची, आणि त्या लहान नट-बोल्टांनी जोडावयाच्या. म्हणजे आजचा पूल उद्या सोडवून त्याच पट्ट्यांची यारी करता येईल. पत्रा त्याने स्वतः कापला, बोल्टही प्रथम हातानेच केले. मालकाकडून पाच पौंड उसने घेऊन १९०१ च्या जानेवारीत त्याने पेटंट मिळविले. १९०७ मध्ये ह्या खेळण्यास ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले आणि थोड्याच वर्षांत ते जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. हॉर्नबीच्या मुलांस जी भेट मिळत होती, तिच्यात बापाचे श्रम होते. पेटी निघाल्यावर जगातल्या इतर मुलांस जी भेट मिळू लागली, तिच्यात बापाचे पैसे होते आणि श्रम मुलाचे. पेटी देणारा जणू असे म्हणत होता की, वस्तू काही मी देत नाही, ती करण्याची संधी देतो. पूर्वीच्या कोणत्याही खेळण्याने मुलावर एवढा विश्वास टाकला नव्हता. भातुकलीशी तिचे एका बाबतीत मात्र नवल वाटावे असे साम्य होते. मेकॅनोच्या पेट्यांस क्रमांक असत, आणि दोन क्रमांकांच्या मध्ये एक पूरक पेटी असे. ती आणली की लहान पेटीची पुढची मोठी पेटी होई. भातुकलीप्रमाणेच हेही खेळणे वाढदिवसागणिक वाढत जाई आणि मावशी-काकांस पुढच्या वर्षी काय द्यावे हा प्रश्न पडत नसे. व्यापारी हिशेबातही हॉर्नबी कच्चा नव्हता.

शर्यतीच्या मोटारीची पेटी ह्याच कारखान्यातून १९३२ पासून बाहेर पडू लागली. तोवरच्या मेकॅनोच्या मोटारी भोकाभोकांच्या पट्ट्यांच्या, म्हणजे सांगाड्यासारख्या दिसत. नव्या पेटीत वळविलेल्या पत्र्याचे, मुलामा दिलेले भाग होते. चौकट, चाके, चिखल-पंखे, आसन, दिवे, चावीचे यंत्र आणि पत्र्याची अनेक अंगे. मागील बाजूस निमुळते शेपूट लावले की शर्यतीची मोटार व्हावी, दुसरे अंग लावले की चार आसनांची सहलीची गाडी व्हावी, अशी योजना होती. मोठ्या पेटीतील मोटारीचे सुकाणू चाक फिरविले असता पुढची चाके खरोखरच वळत. त्या काळी फ्रान्स, इटली आणि जर्मनी ह्या देशांतील शर्यतींची वर्णने वर्तमानपत्रांतून येत होती. अल्फा रोमिओ, बुगाटी, मर्सिडीज ही नावे मोटार न पाहिलेल्या मुलांसही पाठ असत. ही पेटी हिंदुस्थानातही आली, तथापि ती घेणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी असणार. लष्करातील साहेबांचे बंगले, मुंबईचे पेढीवाले, संस्थानिक. पुण्याच्या पेठांतील कारकुनाच्या किंवा मास्तरांच्या मुलास ती काचेआडून पाहण्यापुरतीच. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर पत्रा आणि पितळ लढाईच्या कामी गेले आणि ही पेटी बंद पडली ती कायमची. हॉर्नबी त्यापूर्वीच १९३६ मध्ये निवर्तला होता.

त्या मोटारींपैकी काही आजही धावतात, ह्याचे कारण त्यांच्या जोडणीतच आहे. ह्याच कारखान्याने १९३४ पासून ओतीव धातूच्या ‘डिंकी’ मोटारी विकल्या. त्या पुऱ्या केलेल्या आणि स्वस्त होत्या, म्हणून अफाट खपल्या. परंतु लढाईपूर्वीच्या डिंकींपैकी पुष्कळांस एका प्रकारची कीड लागते. जस्ताच्या ओतकामात शिसे वगैरे अशुद्ध धातू मिसळले गेले, की वर्षे लोटल्यावर ती मोटार आतून फुगते, तडकते आणि शेवटी तिचा चुरा होतो. त्यास इलाज नाही. जोडलेल्या मोटारीचा एक भाग गंजला, तर चार बोल्ट सोडवून दुसरा लावता येतो.

प्लास्टिक ह्या खेळात आले ते लढाईच्या आधीच. १९३६ मध्ये इंग्लंडात ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाच्या विमानांच्या पेट्या निघाल्या. त्यांचे प्रमाण एकास बाहत्तर होते. म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हे प्रमाण त्यांनी घालून दिले ते आजपर्यंत टिकून आहे. प्लास्टिक मात्र टिकाऊ नव्हते. ते सेल्युलोज ॲसिटेटचे असल्यामुळे कालांतराने वाकते, आणि त्या पेट्यांतील विमानांचे पंख आज पापडासारखे वळलेले आढळतात. लढाईनंतर पॉलिस्टायरीन आले आणि ही अडचण दूर झाली. पोलादी साच्यात तापलेले पॉलिस्टायरीन दाबाने सोडले की केसाएवढी रेघही त्यात उमटते. सर्व भाग एका चौकटीस देठांनी लटकलेले बाहेर पडतात, आणि मुलाने ते आंब्याच्या देठाप्रमाणे खुडून घ्यावयाचे असतात. अमेरिकेत रेव्हेल कंपनीने १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत जुन्या काळच्या मोटारींची जी माला काढली, ती इतकी खपली की तेथे असा खेळ प्रत्येक मुलाच्या टेबलावर जाऊन बसला. गंमत अशी की, नव्या जमान्याच्या ह्या प्लास्टिकच्या खेळाने लोकांचे मन जिंकले ते ब्रासच्या दिव्यांच्या, पितळी भोंग्यांच्या म्हाताऱ्या मोटारी दाखवून.

मोटारींसाठी पुढे दोन प्रमाणे विशेष रूढ झाली. अर्ध्या इंचास एक फूट धरले की एकास चोवीस, आणि एका इंचास एक फूट धरले की एकास बारा. दुसऱ्या प्रमाणाची मोटार वीतभराहून पुष्कळ मोठी होते आणि तिच्यात इंजिनाच्या नळ्या, झडपांच्या कमानी, आसनाची शिवण, सारे दाखविता येते. ह्या प्रमाणाची जी पेटी जगभर गाजली, ती जपानातून आली. शिझुओका येथील तामिया हा कारखाना १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीच्या रूपाने सुरू झाला. लवकरच तेथे लाकडाच्या प्रतिकृती होऊ लागल्या आणि १९६० मध्ये प्लास्टिकची पहिली पेटी निघाली. १९६७ मध्ये त्यांनी होंडाच्या आरए २७३ ह्या शर्यतीच्या मोटारीची एकास बारा प्रमाणाची पेटी काढली. मूळ मोटार तीन लिटरची, बारा नळकांड्यांची. १९६६ च्या सप्टेंबरात इटलीतील मोन्झा येथे ती प्रथम धावली. पांढऱ्या अंगावर जपानच्या सूर्याचे तांबडे वर्तुळ, आणि मागे इंजिनावर नळ्यांचे असे भेंडोळे, की पाहणाऱ्यास सापांची टोपली आठवावी. ती फार जड होती आणि जागतिक अजिंक्यपदाची एकही शर्यत तिने जिंकली नाही. तिच्या पेटीने मात्र कारखान्याचे नाव केले. हरलेल्या मोटारीची एवढी काळजीपूर्वक प्रतिकृती करण्याची बुद्धी ज्यास झाली, त्यास जिंकण्यापेक्षा जोडणीची गोडी अधिक असली पाहिजे.

पुढे पोर्शची पेटी करावयाची ठरली, तेव्हा ह्याच कारखान्याने एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती पार सुटी केली. ती पुन्हा जोडताना मात्र जाणत्या मेकॅनिकांस बोलवावे लागले, असे सांगतात. खेळण्याच्या पेटीबरोबर जशी जोडणीची पत्रिका असते, तशी खऱ्या मोटारीबरोबर कोण देणार?

आता ह्याच वर्षांत पुण्यात काय चालले होते ते पाहावे. टेल्कोचा पुण्याचा कारखाना आणि मोटारींचे संशोधन करणारी ‘एआरएआय’ ही संस्था, दोन्हींचा आरंभ १९६६ मधला. आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी होत होत्या, १९७२ मध्ये फिरोदियांची लूना आली. जे शहर पेन्शनरांचे आणि विद्यार्थ्यांचे म्हणून ओळखले जाई, तेथे पहाटे कामगारांच्या बसगाड्या पिंपरी-चिंचवडकडे धावू लागल्या. ज्या मुलाचे वडील गिअर-बॉक्स जुळवीत, त्यास खरे इंजिन उघडलेले पाहावयास मिळे. परंतु त्याच इंजिनाची प्लास्टिकची प्रतिकृती जोडावयास मिळत नसे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती, आणि १९५७ च्या सुमारास ती फारच बिकट झाली. यंत्रसामग्री, धान्य, तेल ह्यांसाठी चलन राखावयाचे, तर खेळण्यांस परवाना कोण देणार? तो न देणे योग्यच होते, असे त्या काळच्या बहुतेक सुशिक्षित घरांचे मत असे, आणि त्यात तथ्य होते. तरी त्या निर्बंधाचा भार ज्यांच्यावर पडला, त्यांस मत विचारण्याची चाल नव्हती. ती दहा-बारा वर्षांची होती. परदेशी गेलेल्या एखाद्या काकांच्या ट्रंकेतून एखादी पेटी येई. एरव्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या विलायती मासिकांतील तिचे चित्र पाहावे आणि पान दुमडून ठेवावे.

परंतु मुले काही हात जोडून बसत नाहीत. त्या पिढीने शिवणाच्या लाकडी रिळाचा रणगाडा केला. रिळाच्या दोन्ही कडांस चाकूने खाचा पाडावयाच्या, मधल्या भोकातून रबराचा पट्टा ओवावयाचा, एका बाजूस तो आगकाडीच्या तुकड्याने अडवावयाचा, दुसऱ्या बाजूस मेणबत्तीची भोक पाडलेली चकती आणि तिच्या पलीकडे एक लांब काडी. काडी फिरवून पट्ट्यास पीळ द्यावा आणि रीळ जमिनीवर ठेवावे. मेणाची चकती असल्यामुळे पीळ एकदम सुटत नाही, हळूहळू उलगडतो, आणि तो रणगाडा पुस्तकाच्या चढावरही मुंगीच्या गतीने चढून जातो. ह्याहून संथ शर्यत जगात झाली नसेल. पण चकती जाड की पातळ, खाचा खोल की उथळ, ह्यावर पैजा लागत. मोठी मुले गॅरेजमधून टाकाऊ बॉल-बेअरिंगे मागून आणीत, फळीस आस ठोकीत आणि उतारावरून घरंगळत येत. त्यांचा आवाज चार गल्ल्यांपलीकडे जाई आणि गुडघे फुटत. रिळाच्या रणगाड्यास पेटी नव्हती, पत्रिका नव्हती. एकाचे पाहून दुसऱ्याने करावयाचा. ह्या असल्या टाकाऊतल्या खेळण्यांचे मोल पुढे पुण्यातच शास्त्रीय पद्धतीने मांडले गेले. आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता ह्यांनी अशा खेळण्यांतून हजारो मुलांस विज्ञान शिकविले.

उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील शेवटचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. तोवर पान दुमडून ठेवणारी मुले चाळिशी-पन्नाशीस पोहोचली होती, त्यांच्या हाती पैसा आला होता, आणि त्यांची मुले संगणकासमोर बसत होती. प्रमाणशीर प्रतिकृतींची हौस पुण्यात मुळीच नव्हती असे नाही. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी ह्यांनी वर्षानुवर्षे खपून उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे नगर १९९८ मध्ये लोकांस खुले झाले, आणि ते पाहावयास मुलांइतकेच त्यांचे आजोबाही रांग लावतात. परंतु १९६७ ची पेटी १९६७ मध्ये न मिळालेल्या माणसास ती आता द्यावयाची, हा भेटीचा प्रकार निराळा. येथे देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या जागा उलट झालेल्या असतात. हॉर्नबीच्या घरी बापाने मुलांसाठी पत्रा कापला. येथे मुलगी किंवा मुलगा बापाच्या एकसष्टीसाठी पेटी उघडतो.

ती उघडावी की नाही, हाच पहिला पेच. जुन्या वस्तूंच्या बाजारात न उघडलेल्या पेटीस जी किंमत येते, ती जोडलेल्या मोटारीस सहसा येत नाही. आतील पिशव्यांची शिवण शाबूत असेल तर भाव आणखी चढतो. म्हणजे मोटार जितकी मोटार होत जाते, तितकी ती बाजाराच्या लेखी उतरते. कित्येक संग्राहक पेट्या कपाटात रचून ठेवतात आणि झाकणावरील चित्र पाहून समाधान मानतात. त्यांस हसण्याचे कारण नाही. पुढील पिढ्यांस मूळ वस्तू कशी होती हे त्यांच्यामुळेच कळेल. पण साठीच्या माणसास बंद पेटी देणे म्हणजे दुमडलेले पान पुन्हा त्याच्या हाती देण्यासारखे आहे. शिवाय त्याचे डोळे आणि बोटे आता तेवढी सूक्ष्म कामे करू शकतीलच असेही नाही. म्हणून जोडून द्यावयाचे, आणि बाजारभावावर पाणी सोडावयाचे.

पाणी सोडल्यावर काम सुरू होते, आणि ते दिसते त्याहून फार किचकट आहे. प्रथम भागांची यादी पत्रिकेशी ताडून पाहावयाची; जुन्या पेटीत एखादा आरसा किंवा नळी हरवलेली असतेच, ती प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून करावी लागते. साच्यास लावलेल्या तेलाचा अंश भागांवर राहिलेला असतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्यावाचून रंग धरत नाही. एखादे लांब अंग पेटीत दाबून वाकलेले असेल, तर गरम पाण्यात धरून हलक्या हाताने सरळ करावयाचे; पाणी जास्त तापले तर ते कायमचे बिघडते. जुन्या टायरांचा त्रास तर वेगळाच. ती मऊ प्लास्टिकची असतात, आणि त्यांस मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे पाझरत राहते. टायर ज्या भागास टेकलेले असेल तो भाग विरघळून त्यावर खळगा पडतो. चाक बसविण्यापूर्वी त्याच्या कडेवर रंगाचा अथवा लाखेचा चांगला थर दिला नाही, तर टायर आपलेच चाक खाते.

चिकटविण्याचा द्रव हा डिंकासारखा नसतो. तो पॉलिस्टायरीन विरघळवितो. दोन्ही कडा क्षणभर पातळ होतात आणि एकमेकींत मिसळून वाळतात. ती सांध नव्हे, सांधाच उरत नाही. म्हणून प्रत्येक भाग आधी कोरडा जुळवून पाहावयाचा असतो, कारण चूक झाली तर सोडविण्यास बोल्ट नाहीत. पुढची पारदर्शक काच मात्र ह्या द्रवाने धुरकटते. ती लावण्यास अनुभवी माणसे सरळ फेव्हिकॉल वापरतात. तो पांढरा दिसतो, परंतु वाळल्यावर नाहीसा होतो. रंगाचे काम पुण्यास पावसाळ्यात करू नये. हवेत ओल असली की फवाऱ्याचा रंग वाळताना त्यावर पांढुरकी साय धरते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की होंडाचा तो हस्तिदंती पांढरा रंग एकावर एक पातळ थर देऊन चढवावा, आणि दोन थरांच्या मध्ये मोटार धूळ बसू नये म्हणून डब्याखाली झाकावी.

सर्वांत अधिक जीव घाबरा होतो तो शेवटी, पाण्यात भिजवून लावावयाच्या चित्रांच्या वेळी. तांबडे वर्तुळ आणि शर्यतीचा क्रमांक ही चित्रे कागदावर असतात. कागद भिजला की पातळ पापुद्रा सुटून सरकतो. पन्नास वर्षांनी तो पिवळा पडतो आणि पाण्यात घालताच काचेसारखा फुटतो. पिवळेपणा घालविण्यास कागद खिडकीच्या काचेस आठवडा-दोन आठवडे उन्हात चिकटवून ठेवतात, आणि फुटू नये म्हणून भिजविण्यापूर्वी त्यावर पारदर्शक लाखेचा हलका थर देतात. एवढे करूनही कधी कधी सूर्य तडकतो. मग त्याच तांबड्या रंगाचे वर्तुळ कुंचल्याने रंगवावे लागते, आणि जवळून पाहिले तर ते हाताचे आहे हे कळते.

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला, जन्मभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, खेळणी मिळविली, आणि तो सारा संग्रह अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा ह्या मुलाच्या नावाने महाराष्ट्र शासनास दिला. काचेआडच्या त्या खेळण्यांत पुष्कळांचे रंग उडालेले आहेत, कोणाचे टोक झिजलेले आहे. ती खेळली गेलेली खेळणी आहेत, आणि बाजाराच्या नियमाने पाहिले तर त्यामुळे त्यांचा भाव कमीच. केळकरांनी त्यांस ज्या नावाखाली ठेवले, ते मूल त्यांतील एकाही खेळण्याशी खेळावयास राहिले नव्हते.

जोडून झालेली मोटार जवळजवळ तेरा इंच भरते आणि तिच्या आरशांस नुसता धक्का लागला तरी ते निखळतात. म्हणून ती मूळ पेटीत मावत नाही. तिच्यासाठी काचेचे झाकण असलेली फळी सुताराकडून करून घ्यावी लागते. मूळ पेटी मात्र टाकून देत नाहीत. झाकणावरचे चित्र, रिकाम्या चौकटी, उरलेले दोन-चार भाग आणि घड्या पडलेली जोडणीची पत्रिका, असे सारे त्याच पेटीत घालून मोटारीबरोबर देतात. एकसष्टीच्या समारंभात पाहुणे मोटार पाहतात. ज्यास ती मिळालेली असते तो बहुधा पाहुणे गेल्यावर चश्मा लावून पत्रिका वाचावयास बसतो, पहिल्या पानापासून, आणि कोणता भाग कोठे बसविला हे फळीवरच्या मोटारीशी ताडून पाहतो.